उजवा पाय, डावा पाय

करुणाकर आळ्वांना आमच्या चौथ्या मजल्यावर आणलं, तेव्हा स्ट्रेचरवर ते असे पडले होते की मी मनात म्हटलं, हा माणूस काही उद्याची सकाळ बघत नाही. गर्दी खालच्या मजल्यावरच अडवली होती. खोलीचं दार लागलं आणि आळ्वा स्वतःच उठून पलंगावर गेले, उशी पाठीमागे नीट लावून घेतली आणि मला म्हणाले, "सिस्टर, एसी जरा कमी करा. आणि चहात साखर नको हं."

मी फेलिसिटा पिंटो. मंगळुरातल्या या हॉस्पिटलात मला सव्वीस वर्षं झाली, त्यातली अकरा या मजल्याची इन्चार्ज म्हणून. असे पेशंट मी आधीही पाहिले होते. अटकेचा हुकूम निघाला की काहींच्या छातीत कळ येते, काहींची साखर वाढते. आळ्वांचा मणका सरकला.

त्यांचं प्रकरण सगळ्या शहराला पाठ होतं. कद्रीजवळची एक नारळाची बाग त्यांनी आदल्या वर्षी विकत घेतली होती आणि विक्रीच्या कागदावर बागेच्या मालकाचा अंगठा होता. मालक वारून बारा वर्षं झाली होती. मयताच्या मुलीने फिर्याद केली. कोर्टाने जामीन नाकारला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि सव्वापाचला आळ्वांचा उजवा पाय लुळा पडला.

फाइलवर डॉक्टर उपाध्यांनी लिहिलं, "मणक्याची गादी सरकली आहे, उजव्या पायात ताकद नाही, संपूर्ण विश्रांती." उपाध्य वाईट डॉक्टर नव्हेत. त्यांच्या हातून उठून घरी गेलेली माणसं मी मोजू म्हटलं तर मोजता येणार नाहीत. फक्त ट्रस्टींचा फोन आला की त्यांचा आवाज बदलायचा. त्या दिवशी तीन फोन आले होते.

आणि फाइल जरा भरल्यासारखी दिसावी म्हणून त्यांनी खाली आणखी एक ओळ टाकली, "फिजिओथेरपी, दिवसातून दोनदा." तिथे ते चुकले. त्या महिन्यात आमच्या मजल्याला फिजिओ होती हरिणाक्षी कोटियान.

हरिणाक्षी मल्पेची. बापाची मासेमारीची बोट. अंगाने एवढीशी, पण शंभर किलोचा माणूस ती स्वतःचा श्वासही न चढता उभा करायची, कारण ती त्याला उचलत नसे, त्याच्याकडूनच उठवून घेत असे. पेशंटला हात लावायच्या आधी ती पलंगाच्या पायथ्याशी मिनिटभर नुसती उभी राहायची. सलाइन कुठून कुठे गेलंय, लघवीची नळी कुठे अडकेल, श्वास किती भरभर चाललाय, चपला कुठे आहेत. नव्या नर्सेस तिच्या या मिनिटाची चेष्टा करायच्या. "काय ग, पूजा चाललीय का?" ती हसायची. नातेवाईक तिला मालीशवाली समजायचे. त्यांना ती तुळूत 'मारायरे', म्हणजे महाराज, म्हणून सांगायची, "मालीश नाही मारायरे, मी उठवायला येते."

पहिल्या दिवशी ती आळ्वांच्या खोलीत शिरली तेव्हा मी तिथेच रक्तदाब घेत होते. पलंगाशेजारी रक्षित बसला होता, आळ्वांच्या बहिणीचा मुलगा, वकील. आमच्या बाजूला आळ्वांसारख्या घरांत मुलापेक्षा भाच्याचा मान मोठा, त्यामुळे मामाच्या वतीने सगळं तोच बोलायचा.

"उजवा पाय उचला बघू, दणी," हरिणाक्षी म्हणाली (मोठ्या माणसाला आमच्याकडे दणी, म्हणजे मालक, म्हणतात) आणि तिने आपला तळहात त्यांच्या डाव्या टाचेखाली सरकवला.

आळ्वांनी डोळे मिटले, ओठ आवळले, कपाळावर आठ्या आणल्या. उजवा पाय जागचा हलला नाही.

"आणखी जोर लावा."

"लावतोय, बाई! जीव चाललाय!"

तिने हात काढून घेतला. "बरं. बास."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "उजवा उचलायला सांगितलास आणि हात डाव्याखाली का ग?"

"एक पाय उचलायचा खरोखर प्रयत्न केला ना सिस्टर, की दुसरी टाच आपोआप गादीत दाबली जाते. उचलणाऱ्याला कळतही नाही." तिने तळहात माझ्यासमोर धरला. "इथे पिसाएवढंही वजन आलं नाही."

फाइलमध्ये तिने लिहिलं, "सांगितल्यावर रुग्णाने उजवा पाय उचलला नाही." दुपारी उपाध्यांनी तिला बोलावलं. मी तिथे होते.

"कोटियान, इथे 'उचलता येत नाही' असं लिहायचं असतं."

"सर, येत नाही हे मला दिसलं नाही. उचलला नाही, एवढं दिसलं."

"फरक काय आहे?"

"मग राहू दे ना सर, फरक नसेल तर."

उपाध्यांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.

ती मात्र रोज दोन वेळा जायची. ढोंगी आहे म्हणून कंटाळा नाही, श्रीमंत आहे म्हणून लाळघोटेपणा नाही. एकदा आळ्वांनीच तिला छेडलं, "तुम्ही मला चालवायला आलात की तुरुंगात पाठवायला?"

"तुमचं रक्त फिरतं ठेवायला आलेय, दणी. तुरुंग माझ्या खात्यात येत नाही. दर तासाला दोन्ही पावलं अशी वरखाली वीस वेळा करा. पडून राहिलं की पायातलं रक्त साचतं. लुळ्या पायात साचतं आणि चांगल्या पायातही."

"आणि त्या काचेतून कुणी बघितलं तर?" आळ्वांनी दाराकडे बोट केलं.

दाराबाहेर शिवलिंगप्पा बसायचा. अटक कागदावर झालीच होती, त्यामुळे पोलिसांनी एक शिपाई नेमला होता. हा हुबळीकडचा, आमच्या दमट हवेला आणि माशांच्या वासाला वैतागलेला. त्याला आळ्वांच्या पायाशी काही देणंघेणं नव्हतं. "पळून न्हाई गेला म्हंजे झालं बघा बाई. लुळा असला तर बरंच की."

खरं सांगायचं तर पहिले चार दिवस आळ्वा दार लावून खोलीत छान फिरायचे. त्यानेच त्यांची तब्येत टिकली होती. पाचव्या दिवशी घोटाळा झाला. दुपारी चारला ते खिडकीशी उभे राहून गरम गोळीबजे, म्हणजे आमच्याकडची मैद्याची गोल भजी, खात होते आणि समोरच्या लॉजच्या गच्चीवरून कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सांजपेपरात पहिल्या पानावर आळ्वा दोन्ही पायांवर ठणठणीत उभे, गालात गोळीबजे. खाली एकच शब्द, "लुळे?"

रक्षित फेफरं आल्यासारखा आला. खिडकीला जाड पडदे लागले. दारावरच्या काचेला आतून कागद चिकटवला. "मामा, आजपासून पाय जमिनीला लावायचा नाही. संडासलाही नाही. भांडं घ्यायचं. सरकारी डॉक्टरांचं मंडळ तपासायला येणार आहे, कधी येईल सांगता येत नाही."

"अरे, पण फोटो तर छापून आला ना!"

"मी कोर्टात सांगतोय की तो फोटो जुना आहे. तुम्ही फक्त पडून राहा."

अशा रीतीने आळ्वांचा आजार खऱ्या अर्थाने सुरू झाला. आतापर्यंत ते आजारी असल्याचं सोंग करत होते, आता ते आजारी माणसापेक्षा जास्त काटेकोरपणे झोपू लागले. भांड्याची लाज वाटायची म्हणून पाणी पिणं सोडलं. हरिणाक्षीने मला सांगून त्यांच्या पाण्याची नोंद सुरू केली. दिवसाला दोन ग्लास. ती त्यांना रागावली, उपाध्यांना सांगितलं, फाइलमध्ये लिहिलं. रक्षित म्हणाला, "मॅडम, तुम्ही व्यायाम सांगितला, आम्ही ऐकला. आता तुमचं काम झालं."

"ऐकून रक्त फिरत नाही, वकीलसाहेब."

दहाव्या दिवशी सकाळी मी औषधं घेऊन गेले तर आळ्वा कण्हत होते. हे नवीन नव्हतं. नवीन एवढंच होतं की ते डावा पाय धरून कण्हत होते.

"दुखतोय रे, रक्षित! ठणकतोय!"

रक्षित खुर्चीवरून उठला आणि त्यांच्या कानाशी वाकला. "मामा, उजवा. उजवा म्हणा."

"अरे, पण दुखतोय डावा!"

"मामा, प्लीज. मंडळ उद्या येतंय. दहा दिवस सगळ्या कागदांवर उजवा आहे. मध्येच डावा काढलात तर मी काय सांगू?"

"तू काय वाटेल ते सांग, मला दुखतोय डावा!"

मी उपाध्यांना कळवलं. फोनवर ते दमून हसले. "आता डावा का? सिस्टर, त्यांना म्हणावं, विसरू नका. दुखण्याची गोळी द्या एक."

मी गोळी दिली. हे मी लपवून ठेवत नाही. सव्वीस वर्षांची नोकरी आणि मलाही वाटलं की म्हाताऱ्याचा घोळ झाला.

दहा वाजता हरिणाक्षी आली, तेव्हा आळ्वांच्या पत्नी वारिजाअम्मा गावाहून एका तेलवाल्याला घेऊन आल्या होत्या. तो बाही वर सरकवून, नारळाच्या तेलात कसल्याशा पाल्याचा रस मिसळून डाव्या पोटरीला हात घालणार, एवढ्यात ही दारातून ओरडली, "हात लावू नका!"

मी तिचा आवाज चढलेला पहिल्यांदा ऐकला. तेलवाल्याचे हात तसेच हवेत राहिले.

त्या दिवशी तिने पायथ्याशी मिनिटभर उभं राहणं मात्र सोडलं नाही. मग चादर बाजूला केली, खिशातून कापडी टेप काढला आणि दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजल्या. उजवी साडेचौतीस, डावी अडतीस. हाताच्या उलट्या बाजूने कातडीची ऊब पाहिली. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, नाडी मोजली.

"श्वास घेताना कुठे टोचतं का, दणी?"

आळ्वांनी आधी रक्षितकडे पाहिलं. त्या नजरेचं मला वाईट वाटलं. हा माणूस आता आपल्याला काय होतंय हेसुद्धा वकिलाला विचारून सांगत होता.

"माझ्याकडे बघा," हरिणाक्षी हळूच म्हणाली. "मी कोर्ट नाही."

"दम लागतो ग," ते म्हणाले. "पहाटेपासून. नुसतं पडून दम लागतो."

"अम्मा," ती वारिजाअम्मांकडे वळली, "तेल घरी घेऊन जा. या पायात रक्ताची गुठळी असावी. चोळली तर सुटून थेट फुप्फुसात जाईल."

बाईंनी पदर तोंडाला लावला. तेलवाल्याने वाटी पाठीमागे लपवली, जणू ती कुणी पाहिलीच नव्हती.

हरिणाक्षीने माझ्या टेबलावरून उपाध्यांना फोन लावला. तिचं फोनवरचं बोलणं मला अजून आठवतं, कारण त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. "सर, कोटियान. चौथा मजला, आळ्वा. डावी पोटरी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जाड, गरम, दाबल्यावर दुखते. नाडी एकशे बारा. ऑक्सिजन त्र्याण्णव. पहाटेपासून दम. पाच दिवस अंथरुणातून उठलेले नाहीत, पाणी कमी. गुठळीची शंका आहे. पायाच्या शिरांची सोनोग्राफी आत्ता हवी. मी व्यायाम थांबवलाय."

 पलीकडून उपाध्य म्हणाले, "कोटियान, उद्या मंडळ येतंय. आज फाइलमध्ये नवीन काही यायला नको. उद्या बघू."

"सर, मी फाइलमध्ये लिहिलंय. दहा वाजून दहा मिनिटं. आणि आत्ता तुम्हाला कळवलं, हेही लिहितेय. दहा वाजून वीस. सिस्टर फेलिसिटा इथे आहेत, त्यांची सही घेतेय."

तिने पेन माझ्यापुढे केलं. मला तिचा राग आला. मला रिटायर व्हायला चार वर्षं होती. पण सकाळी मी दिलेली गोळी आठवली, आणि मी सही केली.

पंधरा मिनिटांत उपाध्य वर आले. जिन्याने आले, लिफ्टची वाट न बघता. त्यांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला, तो पुन्हा डॉक्टरचा झाला. सोनोग्राफीत मांडीपर्यंत शीर बंद झालेली दिसली. फुप्फुसाच्या तपासणीत एक लहान तुकडा तिथेही पोचलेला निघाला. मग जी धावपळ झाली, ती दहा दिवसांतली पहिली खरी धावपळ होती. पोटात इंजेक्शनं सुरू झाली, ऑक्सिजन लागला, आळ्वांना दोन दिवसांसाठी आयसीयूत हलवलं. गंमत अशी की खाली बातमी गेली तेव्हा कुणीच विश्वास ठेवला नाही. आमचा कँटीनवालासुद्धा मला म्हणाला, "काय सिस्टर, आता गुठळी का? वा! वकील हुशार आहे."

मंडळ ठरल्याप्रमाणे आलं. तीन सरकारी डॉक्टर, त्यांत एक पोक्त बाई. बाईंनी फाइल पहिल्या पानापासून वाचली, आणि हरिणाक्षीच्या ओळींपाशी त्यांचं बोट थांबत गेलं. उचलला नाही. उचलला नाही. पाणी दोन ग्लास. पावलांचे व्यायाम करण्यास नकार. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"स्पष्ट सांग मुली, हा माणूस ढोंगी आहे का?"

"उजवा पाय ढोंगी आहे, मॅडम," हरिणाक्षी म्हणाली. "डावा खरा आहे."

दुसऱ्या डॉक्टरांना हसू आवरलं नाही. बाई हसल्या नाहीत. "आणि संपूर्ण विश्रांती कुणी सांगितली?"

उपाध्य खोकले.

मंडळाच्या अहवालात आलं ते असं: मणक्याचा आजार आढळला नाही. गुठळी आढळली. तिच्यावर गोळ्या कुठेही राहून घेता येतात. आता रुग्णाने लवकरात लवकर चालायला लागणं त्याच्या हिताचं आहे. रक्षितने तो कागद तीनदा वाचला. मामा झोपून राहिले तर जिवाला धोका, आणि चालले तर तुरुंग.

आळ्वांनी चालायचं ठरवलं. मरण त्यांनी आयसीयूत जवळून पाहिलं होतं. चौथ्या मजल्यावर परत आले त्या सकाळी शिवलिंगप्पाने बूट पुसले, कारण आता आरोपीबरोबर त्यालाही चालायचं होतं.

"चला, दणी," हरिणाक्षीने त्यांच्या कमरेला कापडी पट्टा बांधला.

आळ्वा रुबाबात पाय खाली सोडून उठले आणि पांढरेफटक पडून तिच्या अंगावर आले. तिने पट्ट्याला धरून त्यांना पलंगावर बसवलं.

"बघा, बघा!" कॉरिडॉरमधून कुणीतरी म्हणालं. "काय नाटक करतो हा माणूस!"

पण ते नाटक नव्हतं. इतके दिवस गादीत घालवल्यावर मांड्या पातळ झाल्या होत्या, उठताच रक्तदाब कोसळत होता. माणूस पहिल्यांदाच खरं बोलत होता, "मला उभं राहता येत नाही हो," आणि शिवलिंगप्पापासून झाडूवालीपर्यंत सगळे तोंड दाबून हसत होते. हसली नाही ती एकटी हरिणाक्षी.

"मला माहितेय," ती म्हणाली. "आज फक्त पाय सोडून बसायचं. पाच मिनिटं. दुपारी उभं राहायचं."

आळ्वांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू माझ्यावर विश्वास ठेवतेस?"

"रक्तदाब मोजलाय ना मी."

दुपारी ते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून आठ पावलं. तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत. पेशंटला घरी सोडायच्या आधी हरिणाक्षी घराची चौकशी करते, पायऱ्या किती, पलंग केवढा उंच, संडास कसला. ही चौकशी तिने शिवलिंगप्पाकडे केली.

"तुरुंगात पायऱ्या किती आहेत हो?"

शिवलिंगप्पाला आधी वाटलं थट्टा करतेय. मग तो गंभीर झाला. "आत जाताना पाच. बराकीला तीन. कठडा न्हाई बघा."

"झोपायला?"

"खाली की. चटई आन् कांबळं."

"संडास?"

"उकिडवं बसायचं. आन् रांग असती, लौकर उठाय लागतं."

तिने सगळं लिहून घेतलं. मग चार दिवस तिने करुणाकर आळ्वांना, ज्यांच्या घरी संगमरवरी न्हाणीघर आहे, कठड्याशिवाय आठ पायऱ्या चढायला शिकवलं, चटईवरून कुशीवर वळून गुडघ्यावर येऊन उठायला शिकवलं, आणि भिंतीला धरून उकिडवं बसायला शिकवलं. शिवलिंगप्पा शेजारी उभा राहून दुरुस्त्या सुचवायचा. "भित्त एवढी जवळ न्हाई तिथं." ती आळ्वांना दोन हात मागे सरकवायची. वारिजाअम्मा एकदा हे पाहून रडल्या, पण पेज आणून द्यायचं त्यांनी सोडलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर हरिणाक्षीने लिहिलं, "पायऱ्या, जमीन, संडास, सर्व स्वतंत्रपणे व सुरक्षित." आळ्वा स्वतःच्या पायांनी पोलिसांच्या गाडीत चढले. दोन्ही पाय नीट उचलून.

पुढच्या महिन्यात हरिणाक्षीला व्यवस्थापनाचं पत्र आलं, वरिष्ठांशी चर्चा न करता फाइलमध्ये नोंदी केल्याबद्दल समज. त्याच महिन्यात गुठळ्या वेळेवर ओळखण्याबद्दल हॉस्पिटलला कसलंसं प्रशस्तिपत्र मिळालं. ते घेताना डॉक्टर उपाध्यांचा फोटो आला. त्यांनी भाषणात "आमच्या टीमचे" आभार मानले, आणि मग टीमला सांगितलं की रुग्णाच्या पायथ्याशी एक मिनिट उभं राहून निरीक्षण करत जा. नव्या नर्सेसनी ते वहीत लिहून घेतलं.

आळ्वांना सात आठवड्यांनी जामीन मिळाला. मयताच्या मुलीची केस अजून चालू आहे. सुटल्यावर त्यांच्या गावात देवळाच्या आवारात सत्कार झाला. तो मी मोबाइलवर पाहिला आणि जेवणाच्या सुट्टीत हरिणाक्षीला दाखवायला गेले. आळ्वा माइकसमोर गळ्यात हार घालून सांगत होते, "मृत्यूच्या दाढेतून परत आलो. का? कारण डॉक्टरांनी सांगितलेली संपूर्ण विश्रांती मी तंतोतंत पाळली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ मेला काय बोलतोय!" मी म्हटलं. "राग नाही येत तुला?"

तिने डबा खाली ठेवला, मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि आवाज बंद केला. मग तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला, आळ्वा स्टेजच्या पायऱ्या चढतात तिथपासून.

"सूज नाही," ती पुटपुटली. "काठी पण नाही. पण बघा सिस्टर, चढताना उजव्या बाजूला झुकतायत."

"म्हणजे?"

"काही नाही, चपला चुकीच्या आहेत." तिने मोबाइल परत दिला, हात धुतले, आणि सतरा नंबरच्या म्हातारीला उठवायला गेली, जी सकाळपासून सांगत होती की तिला अजिबात उठता येत नाही.